नव्या कामगार संहिता आणि तुमची नोकरी: नोकरदार व मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तेव्हापासून कामगार कायद्याचं काम करणाऱ्यांचे फोन थांबलेले नाहीत. एका बाजूला चाकण-भोसरीतले लहान कारखानदार, दुसऱ्या बाजूला हिंजवडीतले आयटीवाले आणि मधे अडकलेले एचआरचे लोक. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या खासगी नोकरीला धरून आहेत.

मुळात बदललं काय?

केंद्राचे २९ जुने कायदे मोडीत काढून चार संहिता आल्या: वेतन संहिता २०१९, आणि २०२० च्या तीन, म्हणजे औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता. किमान वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), प्रसूती रजा, कारखाने, कंत्राटी कामगार असे सगळे विषय आता या चार ठिकाणी आहेत.

संहिता संसदेत मंजूर झाल्या तरी पाच-सहा वर्षं धूळ खात पडल्या होत्या. त्यामुळे अनेक मालकांनी ‘येतील तेव्हा बघू’ असं धरलं होतं. त्या आल्या त्या एका रात्रीत. केंद्राने मसुदा नियम ३० डिसेंबर २०२५ रोजी हरकतींसाठी प्रसिद्ध केले. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत असल्याने बहुतेक खासगी आस्थापनांना राज्याचे नियम लागतात. बँका, विमा, रेल्वे, बंदरं, खाणी यांच्यासाठी केंद्राचे. जिथे नवे नियम आलेले नाहीत तिथे संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम चालतात. म्हणून कुठलाही निर्णय घेण्याआधी राजपत्र बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका.

माझ्या दुकानात चारच माणसं आहेत. मला हे काहीच लागू नाही ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे, आणि त्याला कारणही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करायचं ठरवलं. पूर्वी तो दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होता, ती मर्यादा वीसवर नेली. ‘आता गुमास्ता (दुकानाचा परवाना) नको’ एवढंच लोकांनी ऐकलं.

पण प्रत्येक कायद्याचा उंबरठा वेगळा आहे. वेतन संहितेला माणसांची किमान संख्याच नाही. एक पोरगा कामाला असला तरी किमान वेतन, वेळेवर पगार आणि कपातीवरची बंधनं लागू होतात. ग्रॅच्युइटी, ईएसआय आणि व्यावसायिक सुरक्षा संहितेसाठी सर्वसाधारणपणे दहा माणसं लागतात, पीएफसाठी वीस. तुमचा आकडा नऊवरून दहावर जातो त्या दिवशी कामाची यादी बरीच लांबते.

पगाराच्या रचनेत ५० टक्क्यांचा काय नियम आहे?

आतापर्यंतची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मूळ पगार तीस-पस्तीस टक्के दाखवायचा आणि बाकी घरभाडे, वाहन, अमुक भत्ता, तमुक भत्ता. मूळ पगार कमी म्हणजे पीएफ कमी आणि ग्रॅच्युइटीही कमी. नव्या संहितांनी ‘वेतना’ची एकच व्याख्या केली. मूळ पगार, महागाई भत्ता आणि प्रतिधारण भत्ता हे वेतनात येतातच. घरभाडे, वाहन भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम वगैरे वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरायची.

एक उदाहरण मांडतो. महिन्याचा मोबदला ४०,००० रुपये. त्यात मूळ पगार १४,००० आणि घरभाडे, वाहन वगैरे वगळलेल्या बाबी २६,०००. निम्मे होतात २०,०००, म्हणजे वगळलेल्या बाबी ६,००० ने जास्त. ते वेतनात मिळवायचे, म्हणजे कायद्याच्या नजरेत वेतन २०,००० झालं. दहा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी पूर्वी १४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १०, म्हणजे सुमारे ८०,७६९ रुपये आली असती. आता ती सुमारे १,१५,३८५ येते. मालकाने पगार एका रुपयाने वाढवलेला नाही, तरी देणं साडेचौतीस हजारांनी वाढलं. ताळेबंदात ग्रॅच्युइटीची तरतूद करणाऱ्या कंपन्यांचे अकाउंटंट का हैराण आहेत ते यावरून कळेल.

मग हातात येणारा पगार कमी होणार का?

बहुतेकांचा नाही, किंवा अगदी थोडा. पीएफ सक्तीने कापायची वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे, तिच्यावर १२ टक्के म्हणजे १,८००. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे पूर्वी १४,००० वर १,६८० कापले जात होते, आता फार तर १,८०० कापले जातील. हातातला पगार १२० रुपयांनी घटेल. मर्यादेपेक्षा जास्त रकमेवर पीएफ कापणं ऐच्छिक आहे, आणि मर्यादेवर कापत असाल तर हातचा पगार कमी होत नाही, असं केंद्रीय कामगार मंत्रालयानेही डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

गडबड होते ती दुसरीकडे. काही कंपन्यांनी ‘नवा कायदा आला’ म्हणून मालकाच्या हिश्शाचा वाढीव बोजा सीटीसीच्या, म्हणजे ठरलेल्या एकूण वार्षिक पॅकेजच्या आतच बसवला. तुमची जुनी आणि नवी पगार स्लिप शेजारी शेजारी ठेवा. कपातीच्या रकान्यात १,८०० पेक्षा जास्त दिसत असेल, तर ते कशाच्या आधारे कापलं हे एचआरला लेखी विचारा.

ग्रॅच्युइटी आता एका वर्षात मिळते असं ऐकलं. खरं का?

ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठी खरं आहे. त्यांनी एक वर्ष काम केलं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. कायम कामगारांसाठी सलग पाच वर्षांची अट तशीच आहे. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास ती लागू होत नाही, हे पूर्वीही होतंच. समाजमाध्यमांवर ‘सगळ्यांना एका वर्षात’ असं फिरतंय, ते चूक आहे.

ठरावीक मुदतीची नोकरी घ्यावी की नको?

कागदावर ही तरतूद चांगली दिसते: कायम कामगाराइतकंच वेतन, तेच कामाचे तास, तेच लाभ. पण मुदत संपल्यावर करार वाढवला नाही, तर कायद्याने ती नोकरकपात ठरत नाही. म्हणजे नोटीस नाही आणि भरपाईही नाही. माझं मत विचाराल तर ठेकेदाराकडे राबण्यापेक्षा थेट कंपनीचा मुदतीचा करार केव्हाही बरा. पण कायम पदाच्या बदल्यात तो देऊ केला जात असेल, तर एका वर्षाच्या ग्रॅच्युइटीवर भुलू नका.

राजीनामा दिला. फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) ४५ दिवसांनी देऊ म्हणतात. चालतं का?

नाही. वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा असो, बडतर्फी असो वा नोकरकपात, थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. हा नियम मॅनेजरलाही लागू आहे. पूर्वीच्या वेतन प्रदान कायद्यात महिना २४,००० रुपयांपर्यंत पगार असलेलेच येत होते, आता ती मर्यादा उरलेली नाही.

ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी आहे, तीस दिवस. पीएफची प्रक्रियाही वेगळी चालते. ‘लॅपटॉप जमा केला नाही’, ‘नो ड्यूज सही व्हायची आहे’ ही नेहमीची कारणं. ती टाळायची असतील तर शेवटच्या दिवशीच वस्तू जमा करून पोच घ्या. एचआरवाल्यांनाही सांगतो, हिशेब शेवटच्या दिवसाआधीच तयार ठेवा. दोन दिवसांत बँकेची सुट्टी आली की तारांबळ उडते.

तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. कायदेशीर आहे?

जितका वेळ गैरहजर तितकीच कपात, हे तत्त्व जुन्या कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. तीन दिवस दहा-दहा मिनिटं उशीर झाला तर तीस मिनिटांचा पगार कापता येतो. चार तासांचा नाही. शिस्तीसाठी दंड करायचा असेल तर त्याची वेगळी प्रक्रिया आहे, कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि दंड त्या वेतन-कालावधीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, हीसुद्धा मर्यादा आहे. पुण्या-मुंबईतल्या निम्म्या कार्यालयांची हजेरीची धोरणं या कसोटीवर टिकणार नाहीत असं मला वाटतं.

कामाचे तास खरंच बारा झाले का?

अर्धं खरं. संहितेत दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ ही चौकट आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांसाठी दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने-आस्थापनांसाठी नऊवरून दहावर न्यायचा निर्णय घेतला. तिमाहीत ओव्हरटाइमची मर्यादा १४४ तासांपर्यंत वाढवली. मात्र आठवड्याचे ४८ तास हलले नाहीत, त्यापुढचं काम ओव्हरटाइमच, आणि ओव्हरटाइमला दुप्पट दराने पैसे. शिवाय ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागते.

आता शॉप फ्लोअरवर काय होतं ते बघा. संमतीचा फॉर्म नेमणुकीच्या दिवशीच इतर वीस कागदांबरोबर सही करून घेतात. हजेरी यंत्रात बारा तास दिसतात आणि पगार स्लिपवर ओव्हरटाइमचा रकानाच नसतो. कामगाराने आपल्या येण्या-जाण्याच्या वेळेची नोंद स्वतः ठेवावी. साधी वही चालते, मोबाइलमधला फोटो चालतो.

नेमणूक पत्र सक्तीचं आहे का?

दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत हो. पूर्वी हा नियम तुकड्या-तुकड्यांत होता, आता व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो मालकाच्या कर्तव्यांत घातला आहे. जुन्या कामगारांकडेही पत्र नसेल तर तेही द्यायचं. नऊपर्यंत माणसं असतील तर त्या संहितेची सक्ती नाही, पण एक पानी पत्र देणं मालकाच्याच फायद्याचं आहे. उद्या वाद झाला तर पगार किती ठरला होता हे दाखवायला दुसरा कागद कुठून आणणार?

आयटीत आहे, पद ‘टीम लीड’. मी कामगार धरला जातो का?

पदाच्या नावावर काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ठरतं. तुम्ही मुख्यतः कोड लिहिता, टेस्टिंग करता, कुणाला कामावर घेण्या-काढण्याचा किंवा रजा मंजूर करण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही, तर तुम्ही कामगार असल्याचा दावा भक्कमपणे मांडता येतो. व्यवस्थापकीय काम मुख्य असेल तर नाही. देखरेखीचं काम असून वेतन महिना १८,००० च्या वर असेल तरीही नाही.

हे महत्त्वाचं का? कारण नोकरकपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन ही भरपाई ‘कामगारा’लाच मिळते, तेही एक वर्षाची सलग सेवा असेल तर. नव्या संहितेत आणखी एक भर आहे: नोकरकपात झालेल्या कामगारामागे मालकाने १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं.

म्हणूनच मीटिंग रूममध्ये बोलावून ‘राजीनामा टाक, नाहीतर टर्मिनेट करू’ असं सांगितलं जातं. राजीनामा दिला की तो स्वेच्छेचा ठरतो आणि वरचं काहीच मिळत नाही. तिथल्या तिथे काहीही सही करू नका. बाहेर येऊन त्याच दिवशी ईमेल पाठवा: अमुक वाजता, अमुक लोकांनी बोलावून राजीनामा मागितला, माझी तयारी नाही. तो पुढे फार उपयोगी पडतो. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे जायला हवं, तेही लक्षात असू द्या.

आमच्या कारखान्यात २२० कामगार आहेत. बंद करायला सरकारची परवानगी लागेल?

नोकरकपात, ले-ऑफ (तात्पुरतं काम न देणं) किंवा बंदसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा संहितेने ३०० कामगारांवर नेली. केंद्राच्या जुन्या कायद्यात ती १०० होती. स्थायी आदेशांची, म्हणजे आस्थापनेच्या कामाच्या शर्ती आणि शिस्तीच्या लेखी नियमांची सक्तीही ३०० पासून. तुम्हाला परवानगी लागणार नाही, पण नोटीस आणि भरपाई चुकत नाही. कामगार संघटनांचा सगळ्यात मोठा राग या एका आकड्यावर आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. भोसरी, सातपूर, वाळूज भागातले बहुतेक कारखाने तीनशेच्या आतलेच.

संप करता येतो का?

येतो, पण आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत १४ दिवसांची नोटीस लागते. पूर्वी ही अट फक्त लोकोपयोगी सेवांना होती. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. वाटाघाटीसाठी हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी मान्य होते.

माथाडी कायदा गेला का?

नाही. संहितांनी रद्द केले ते केंद्राचे कायदे. १९६९ चा माथाडी कायदा राज्याचा आहे, तो जागेवर आहे.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर?

यात खरा बदल झालाय, आणि त्याची सुरुवात मराठवाड्यातून झाली. उस्मानाबाद जिल्ह्यात एका साखर कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. ड्यूटी पहाटे तीनची. २२ एप्रिल २००३ रोजी मोटरसायकलवर कामाला येताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात तो गेला. मागे पत्नी, चार मुलं आणि आई. भरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने, अपघात कामाच्या ओघात झाला नाही म्हणून, ते रद्द केले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा बहाल केली आणि सांगितलं की प्रवास आणि नोकरी यांचा वेळ, जागा, परिस्थिती यांवरून संबंध दिसत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही नोकरीच्या ओघातला धरायचा. निकाल यायला बावीस वर्षं लागली. सामाजिक सुरक्षा संहितेत आता ही गोष्ट थेट लिहिलेली आहे. मालकांनी आपला विमा या प्रवासाला संरक्षण देतो का, ते पॉलिसी उघडून बघावं.

डिलिव्हरी करतो. मला पीएफ, ईएसआय मिळेल?

कर्मचारी म्हणून नाही. गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदाच केंद्रीय कायद्यात आले, पण तुम्हाला ‘कर्मचारी’ म्हटलेलं नाही. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची. कामगारांना दिलेल्या वा देय रकमेच्या पाच टक्के ही तिची कमाल मर्यादा. त्यातून विमा, आरोग्य अशा योजना होणार. मसुदा नियमांत वर्षाला एका ॲपवर ९० दिवस किंवा अनेक ॲपवर मिळून १२० दिवस काम केलेलं असावं अशी अट होती. ई-श्रम या केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी आधी करून टाका. आयडी अचानक ब्लॉक झाला, रेट कापला, या रोजच्या तक्रारींवर मात्र केंद्रीय संहितेत उत्तर नाही.

बाँड (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) मोडला तर खरंच पैसे द्यावे लागतात?

लागू शकतात. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. पण कारणमीमांसा वाचा: सरकारी बँक, खुली भरती प्रक्रिया, त्यावर झालेला खर्च, वरिष्ठ पद. महिना अठरा हजारांच्या फ्रेशरला पाच लाखांचा बाँड घालणाऱ्या कंपनीला हा निकाल आपोआप लागू होत नाही. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

महिलांबाबत काय नवं आहे?

रात्रपाळी सगळ्या प्रकारच्या कामांत खुली झाली, संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर. संमती नाकारली म्हणून बढती अडवली असं होत असेल तर त्या नकाराची लेखी नोंद हवी. प्रसूती रजा २६ आठवडे कायम आहे. महिला कर्मचाऱ्याच्या ‘कुटुंबा’त आता सासू-सासरेही धरता येतात, हे फारसं कुणी सांगत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ चा कायदा वेगळा आहे आणि तो तसाच लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती हवीच, नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात चौकशी समितीने घाई केली, समोरच्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द करून पुन्हा चौकशी लावली. अप्रशिक्षित समितीमुळे तक्रारदार बाईलाच पुन्हा सगळं भोगावं लागतं. भिंतीवर पाच नावं टांगून समिती होत नाही.

पगार बुडवला तर तक्रार कुठे करायची?

आधी मालकाला ईमेल किंवा नोंदणीकृत पत्र. मग जिल्ह्याच्या सहायक किंवा उपकामगार आयुक्तांकडे अर्ज. पीएफ भरला नसेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर. पासबुक दर महिन्याला बघत चला, कापलेला पैसा भरला की नाही ते तिथेच कळतं.

वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे, आणि प्राधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. म्हणून रोखीने पगार देणाऱ्या मालकांनी बँकेतून द्यायला सुरुवात करावी. व्हाउचरवर सही आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ते व्हाउचर समोरचा कोऱ्यावर सही घेतल्याचं सांगेल तेव्हा काय उत्तर देणार, याचा विचार करावा. कामगाराने अर्जाला नेमणूक पत्र, शेवटच्या स्लिपा, बँकेचा उतारा, आयडी कार्डाची प्रत आणि हजेरीची नोंद जोडावी. वकील लागतोच असं नाही; मराठीत, तारखांसह, दोन पानांत लिहिलेला अर्ज पुरतो, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.